बैठक बदलताना...

घोड्यांचा साज बनवणाऱ्या एका इंग्लिश कारागिराने सायकलची सीट केली. त्याच्या कंपनीची चामड्याची सीट शंभराहून जास्त वर्षं जवळपास त्याच घाटात विकली गेली. आणि २०१३ मध्ये याच कंपनीने चामडं बाजूला ठेवून रबर आणि सुती कापडाची सीट बाजारात आणली. जुनं नाव राखायचं आणि वस्तू मात्र बदलायची, म्हणजे नेमकं काय बदलायचं? आणि या सगळ्या उलथापालथीत बायकांच्या वाट्याला काय आलं?

सायकल विकत घेताना आपण काय काय बघतो? रंग बघतो, पुढे बास्केट आहे का बघतो, चेनकव्हर बघतो, ओढणी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी बसवून मिळेल का विचारतो. मुलीसाठी घ्यायची असेल तर मधला दांडा नसलेली 'लेडीज सायकल'च हवी, हे तर ठरलेलंच. आणि सीट? सीट दुकानदार देईल ती! फार तर वरून एखादं मऊ कव्हर चढवून घेतो, झालं.

खरं म्हणजे ताठ बसून सायकल चालवणाऱ्या बाईचं बहुतेक सगळं वजन या वीतभर तुकड्यावर पडतं. पण तिच्याबद्दल बोलायचं म्हणजे शरीराच्या 'नको त्या' भागाबद्दल बोलायचं. त्यामुळे कुठे टोचतं, कुठे घासलं जातं, कुठे बधिर होतं, हे मुली घरी सांगत नाहीत. दुकानात तर नाहीच नाही. एखादी मुलगी एक दिवस 'मला नाही आवडत सायकल' म्हणते आणि विषय तिथेच संपतो. खरं कारण आईलाही कळत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, आज एका सीटचीच गोष्ट सांगणार आहे. गोष्ट तशी परक्या देशातली आहे. पण ऐकता ऐकता तुम्हाला आपली बाज आठवेल, कोल्हापुरी चप्पल आठवेल आणि कदाचित शाळेतल्या दिवसांतलं न सांगितलेलं दुखणंही आठवेल.

घोडा गेला आणि सीट आली

जॉन बोल्टबी ब्रुक्स हा लीस्टरशरमधल्या हिंकली गावचा तरुण. १८६५ मध्ये खिशात वीस पौंड घेऊन तो बर्मिंगहॅमला आला आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १८६६ मध्ये, त्याने घोड्यांचा साज आणि चामड्याच्या इतर वस्तू बनवायला सुरुवात केली. धंदा बरा चालला होता. कंपनीत आजही सांगितली जाणारी गोष्ट अशी, की १८७८ मध्ये त्याचा घोडा मेला. नवा घ्यायला पैसे नव्हते. मग त्याने कुणाची तरी सायकल मागून घेतली आणि तिच्यावरून कामाला जायला लागला. सीट लाकडाची! दोन-चार फेऱ्यांतच त्याने ठरवलं म्हणे, की याचं काहीतरी केलंच पाहिजे. अशा गोष्टींना कालांतराने थोडी पॉलिश चढतेच, पण १८८२ मध्ये त्याने चामड्याच्या सीटचं पेटंट घेतलं, हे मात्र कागदावर आहे.

त्याने केलं काय? तर घोड्याच्या खोगिराची विद्या सायकलला लावली. म्हणजे लाकडावर गादी ठोकून बसवली नाही, तर पुढे एक आणि मागे एक असा लोखंडी आधार घेतला आणि मधे जाड चामडं ताणून लटकवलं. खाली काहीच नाही, नुसती हवा.

आपल्याकडे बाज असते ना, सुंभाने विणलेली? अगदी तीच कल्पना. बाजेवर गादी नसली तरी पाठ दुखत नाही, कारण दोरी अंगाप्रमाणे झोळ देते. जिथे वजन जास्त तिथे जास्त दबते, जिथे कमी तिथे वर राहते. बाज सैल पडली की पायथ्याकडची दोरी ओढून घट्ट करतात. ब्रुक्सच्या सीटलाही नाकाखाली एक बोल्ट असतो. वर्षा-दोन वर्षांनी चामडं सैलावलं की छोट्या पान्याने तो थोडासा पिळायचा, की चामडं पुन्हा ताणलं जातं. वरचं चामडं अगदीच फाटलं, तर जुन्या सांगाड्यावर नवं चढवून देणारे कारागीरही तिकडे आहेत.

या कंपनीची सगळ्यात नावाजलेली सीट म्हणजे 'बी-१७'. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत ती आली आणि अजूनही विकली जाते. सव्वाशे वर्षं एकच घाट चालू राहणं ही सायकलच्या जगात दुर्मिळ गोष्ट आहे. बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेथविकच्या कारखान्यात ती तयार होते. साडेपाच-सहा मिलिमीटर जाड गाईचं चामडं घ्यायचं, तेही झाडपाल्याच्या अर्कात कमावलेलं, रसायनात नव्हे. ते पाण्यात भिजवायचं, मऊ झालं की साच्यावर दाबून आकार द्यायचा, वाळवायचं, कडा कापायच्या. महागड्या नमुन्यांवर तांब्याची मोठी रिव्हेट असतात, ती कारागीर एकेक करून हातोडीने ठोकतो. त्यामुळे प्रत्येक रिव्हेटच्या डोक्यावर हातोडीचे ठसे दिसतात, पितळी डब्यावर ठोक्याचं काम असतं ना, तसे.

नवी बी-१७ हातात घेतली तर लाकडाच्या पाटीसारखी कडक लागते. ही काय बसायची वस्तू, असं वाटावं! पण शे-दोनशे मैल चालवली की ती बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे दबते आणि मग जणू मापाने शिवलेली होते. कोल्हापुरी चप्पल वापरलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. नवी कोल्हापुरी आधी चावते, तेल पाजावं लागतं, आठ-पंधरा दिवस पाय सोलतात आणि एकदा का पायाला बसली की दुसरी नकोशी वाटते. कोल्हापुरीचं चामडंही बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ब्रुक्सच्या सीटला तेलाऐवजी एक मेण चोळतात. चरबी, कॉड माशाचं तेल, मधमाश्यांचं मेण आणि वासासाठी सिट्रोनेला तेल, म्हणजे आपल्या गवती चहाच्या बहिणीचं. तिकडचे शौकीन लोक ही चोळाचोळी अगदी देव्हाऱ्यातली भांडी घासावी तशा निष्ठेने करतात.

हीच सीट आपल्याकडे वेगळ्या रूपात येऊन गेली आहे. १९५८ मध्ये ब्रुक्स ही नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीच्या हाताखाली गेली. आणि रॅले सायकल म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीचं केवढं कौतुकाचं वाहन! काळी उंच सायकल, मागे डायनॅमो आणि दोन जाड स्प्रिंगांवर बसवलेली चामड्याची करकरणारी सीट. त्या घाटाच्या सीट्स मग भारतातल्या कारखान्यांतही बनू लागल्या. पुढे चामड्याची जागा रेक्झिनने घेतली आणि आत स्पंज आला. मुलींच्या सायकलवर जी सीट आज दिसते, ती या घराण्याची लांबची नात म्हणायची.

जुन्या घराची नवी चूल

२००० साल उजाडलं तेव्हा ब्रुक्सची अवस्था बिकट होती. मालकी हातोहात फिरत होती, वरची कंपनी बुडाली होती. दोन वर्षांनी, २००२ मध्ये, इटलीच्या सेले रोयाल या सीट बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने ब्रुक्स घेतली. कारखाना मात्र इंग्लंडातच ठेवला. नव्या मालकांनी जुन्या नावाला चांगला उजाळा दिला. चामड्याच्या पिशव्या आल्या, हँडलला गुंडाळायच्या चामडी पट्ट्या आल्या. पण एक प्रश्न उभाच होता.

चामड्याच्या सीटची आवड असलेले लोक कमी नव्हते, पण न घेणारे त्याहून जास्त होते. आणि त्यांची कारणंही खोटी नव्हती. पावसात भिजली की सीट झोळते, म्हणून प्लॅस्टिकची टोपी बरोबर बाळगा. दर काही महिन्यांनी मेण चोळा. पहिले काही आठवडे कळ सोसा. वजन अर्धा किलोच्या आसपास. शिवाय प्राण्यांपासून केलेली वस्तूच नको, असं म्हणणारा तरुण ग्राहक वाढत चाललेला. (आपल्याकडच्या पावसाळ्याचा तर विचारच नको. कोकणात चार महिने चामड्यावर पांढरी बुरशी धरते, हे कपाटातल्या पर्सनी आपल्याला शिकवलेलंच आहे.)

मग करायचं काय? सोपा रस्ता होताच. बाजारात इतर कंपन्या करतात तसा प्लॅस्टिकचा तळ, त्यावर फोम, वर चकचकीत आवरण आणि बाजूला 'ब्रुक्स'चा शिक्का. खपलीही असती कदाचित. पण ती ब्रुक्सची सीट झाली नसती. म्हैसूर सिल्कचा काठ पॉलिएस्टरवर छापला तर त्याला म्हैसूर सिल्क म्हणायचं का? तसंच.

कंपनीच्या लोकांनी, मला वाटतं, इथे योग्य प्रश्न विचारला. आपली परंपरा म्हणजे चामडं, की ताणून लटकवलेली बैठक? त्यांनी उत्तर दिलं, लटकवलेली बैठक. म्हणजे सामान बदललं तरी चालेल, बाजेचं तत्त्व सुटता कामा नये.

'कॅम्बियम' नावाची ही सीट २०१३ मध्ये आली. झाडाच्या सालीखाली जो जिवंत थर असतो, ज्यातून खोड दरवर्षी जाड होतं, त्याला कॅम्बियम म्हणतात. नाव विचारपूर्वक ठेवलेलं दिसतं, कारण रबरही झाडाच्या सालीखालूनच पाझरतं. रबराच्या चिकाला गंधक आणि उष्णता देऊन पक्कं केलेलं नैसर्गिक रबर, त्यावर सेंद्रिय कापसाचं जाडसर कापड आणि हे सगळं पुढच्या-मागच्या अॅल्युमिनियमच्या आधारांमध्ये ताणलेलं. फोम नाही, जेल नाही, खालून आधार नाही. बाजच, फक्त सुंभ वेगळं! पहिल्याच नमुन्याचं नाव ठेवलं 'सी-१७', म्हणजे बी-१७ ची धाकटी बहीण. मागच्या बाजूची ठसठशीत रिव्हेटही ठेवली, कारण दुरून बघणारा ब्रुक्स ओळखतो तो त्या रिव्हेटवरूनच.

काही गोष्टी मात्र मुद्दाम सोडल्या. नाकाखालचा ताणायचा बोल्ट गेला, कारण रबर चामड्यासारखं हळूहळू सैलावत नाही. मेण गेलं. पहिल्या दिवसापासून बसा आणि निघा. आणि ही सीट बनते इटलीत. त्यावर जुन्या भक्तांनी नाकं मुरडली, ते साहजिकच आहे.

फायदा-तोटा दोन्ही आहे. चामडं एका माणसाच्या अंगाचं होतं, रबर कुणाचंच होत नाही. ते लवचिक राहतं, उठलं की पुन्हा मूळ आकारात येतं. त्यामुळे 'ही माझी सीट' असं जे वर्षानुवर्षांचं नातं चामड्याशी जडतं, ते इथे नाही. पण आपल्या घरांचा विचार करा. सकाळी दूध आणायला वडील, नंतर शाळेला मुलगी, संध्याकाळी क्लासला मुलगा. एकाच सायकलवर तिघं! तिथे एका माणसाच्या मापाची सीट काय कामाची? तिथे कुणाचीच न होणारी सीट बरी. तोटा असा, की सुती कापडावर घामाचे डाग दिसतात आणि उन्हाने रंग उडतो. म्हणून पुढे कंपनीने नायलॉनच्या कापडाचीही आवृत्ती काढली. तिला पावसापाण्याचं भय नाही.

चामड्याची सीट बंद केली नाही, हे मला जास्त आवडलं. जुनी आणि नवी दोन्ही शेजारी शेजारी विकायला ठेवल्या. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! टीका झाल्यावर कंपनीने मूळ कुठलं ते कबूल केलं. आपलीच वस्तू दुसऱ्याने नव्याने मांडली की राग येतो, तो यायलाच हवा. पण आपल्या कारागिराने आपली वस्तू आपणच नव्याने घडवायची म्हटलं तर काय ठेवायचं आणि काय सोडायचं, याचा असा रोखठोक हिशोब आपण कितीदा मांडतो?

आणि बायका?

आता मुद्द्याचं. या दीडशे वर्षांत सीट बनली कुणाच्या अंगासाठी? बहुतेक वेळा पुरुषाच्या.

आपण बसतो तेव्हा वजन घेतात ती कमरेच्या खालची दोन हाडं. कडक पाटावर बसून थोडं पुढेमागे झुललं की ती हाताला लागतात. बायकांमध्ये या दोन हाडांतलं अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त असतं. बाळंतपणासाठी निसर्गाने केलेली ती सोय आहे. म्हणजे सीट मागे अरुंद असली तर हाडं सीटच्या कडेबाहेर जातात आणि सगळं वजन मधल्या नाजूक भागावर येतं. दुखतं ते यामुळे. 'सवय होईल' हे त्यावरचं उत्तर नव्हे.

ब्रुक्सने बायकांसाठी वेगळी सीट केली होती, नाही असं नाही. नावापुढे 'एस' अक्षर लावलेली ही आखूड सीट. बी-१७ ची लांबी साधारण साडेसत्तावीस सेंटिमीटर, तर एस तीन-साडेतीन सेंटिमीटरने आखूड. रुंदी जवळपास तेवढीच. नाक आखूड असलं की झगा किंवा स्कर्ट त्यावर अडकत नाही. साडी नेसून सायकल चालवणाऱ्या बाईला याचं महत्त्व लगेच कळेल. उतरताना निऱ्या सीटच्या नाकात अडकल्या की काय होतं, ते! पण सोय झाली ती कपड्यांची. अंगाची नाही.

१८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या बायका सायकलवर बसू लागल्या तेव्हा डॉक्टर मंडळींना केवढी काळजी लागली होती. बाईचं गर्भाशय बिघडेल, चेहरा बिघडेल आणि सीटवर बसून तिची नीतीही बिघडेल! वैद्यकीय नियतकालिकांत त्यावर गंभीरपणे लेख येत. या भीतीतून एक भलं मात्र झालं. मधे फट किंवा खाच असलेल्या 'आरोग्यदायी' सीट्स निघाल्या. अमेरिकेत ख्रिस्ती नावाच्या सीटच्या जाहिरातीत तर चक्क कमरेच्या हाडांचं चित्र काढून, दोन हाडांखाली दोन उशा कशा येतात ते दाखवलं होतं. ब्रुक्सनेही तेव्हा मधे कापलेली सीट काढली होती. पुढे ती विस्मरणात गेली आणि जवळजवळ शंभर वर्षांनी 'इम्पिरियल' नावाने परत आली. म्हणजे उत्तर सापडलं होतं, पण कपाटात पडून राहिलं.

ते पुन्हा बाहेर कशामुळे आलं, हेही गमतीशीर आहे. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एका मूत्ररोगतज्ज्ञाने जाहीरपणे सांगितलं, की सायकलच्या सीटमुळे पुरुषांमध्ये नपुंसकत्व येऊ शकतं. झालं! एकच धावपळ उडाली. पाठोपाठ डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेल्या, मधे खोबण असलेल्या सीट्स बाजारात आल्या. बायका तर आधीपासून तक्रार करत होत्या. जॉर्जेना टेरी या अमेरिकन इंजिनीअर बाईंनी १९८५ मध्ये खास बायकांच्या सायकलींची कंपनी काढली आणि पुढे मधे पोकळी असलेली बायकांची सीट आणली. पुरुषांनाही ती हवीशी झाली, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी काढावी लागली, हे विशेष!

बायकांच्या दुखण्याचा शास्त्रीय अभ्यास त्यानंतर बराच उशिरा झाला. २००६ मध्ये अमेरिकेत मार्शा गेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियमित सायकल चालवणाऱ्या आणि धावणाऱ्या बायकांची तुलना केली. सायकलवाल्यांच्या नाजूक भागातली संवेदना कमी झालेली आढळली. २०१२ च्या अभ्यासात दिसलं, की हँडल सीटपेक्षा खाली असेल तर पुढच्या भागावर दाब वाढतो. स्पर्धांमध्ये सीटचं नाक खाली झुकवायला नियमाने जवळपास मनाई होती. ब्रिटिश संघाच्या मुलींना होणाऱ्या जखमा बघून फिल बर्ट या त्यांच्या फिजिओथेरपिस्टने तज्ज्ञांना एकत्र आणून पाठपुरावा केला, तेव्हा २०१६ पासून नऊ अंशांपर्यंत झुकवायची परवानगी मिळाली. ऑलिम्पिकपर्यंत पोचलेल्या मुलीसुद्धा तोवर गप्प होत्या. २०१९ मध्ये ब्रिटनच्या एका पॅरालिम्पिक सायकलपटूने वर्तमानपत्रात स्वतःच्या नावाने लिहिलं, की वर्षानुवर्षांच्या दाबाने सूज येऊन शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली. हे लिहायला पदक जिंकण्यापेक्षा जास्त धैर्य लागलं असेल.

कॅम्बियमच्या घराण्यात मधे कापलेल्या, आखूड, तसंच 'सी-१९' नावाची जास्त रुंद अशा सीट्स पुढे आल्या. म्हणजे नव्या सामानाबरोबर थोडं तरी अंगाचं माप आलं.

आपल्या गल्लीत

ही सीट आपण घेणार नाही, हे उघड आहे. तिच्या एकटीच्या किमतीत आपली साधी सायकल येते आणि वर पैसे उरतात. पण तिच्यामागचा विचार फुकट आहे.

आणि तो आपल्याला हवाच. २००६ मध्ये बिहारमध्ये नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायची योजना सुरू झाली. तिचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांना माध्यमिक शाळेतलं मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. शाळा पाच किलोमीटर असेल तर रोजचे जाऊन-येऊन दहा. वर्षाचे दोन हजारांच्या घरात! आणि तेही तेरा-चौदाव्या वर्षी, जेव्हा अंग बदलत असतं, पाळी नुकतीच सुरू झालेली असते आणि जाड पॅड घेऊन खड्ड्यांच्या रस्त्याने जायचं असतं. त्या वयात सीट टोचली तर मुलगी कुणाला सांगणार?

तिची सीट घरच्या घरी तपासता येते. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा घ्या, तो कडक स्टुलावर ठेवा आणि मुलीला त्यावर पातळ कपड्यांत बसवा. पाय थोडे उचलून, पुढे किंचित वाकून मिनिटभर बसली की पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजा. सीटची मागची बाजू त्यापेक्षा निदान दोन सेंटिमीटर रुंद हवी. ताठ बसून चालवणारीला आणखी जास्त लागते. म्हणूनच स्प्रिंगवाली रुंद सीट गावच्या रस्त्याला चांगली. अरुंद, टोकदार सीट खाली वाकून शर्यत मारणाऱ्यांसाठी असते. दिसायला 'स्पोर्टी' म्हणून ती साध्या सायकलवर बसवून घेऊ नका.

मऊ तेवढी चांगली, हाही एक गैरसमज. फार मऊ स्पंजात हाडं आत बुडतात आणि मधला भाग वर येऊन नेमका नाजूक जागी दाबतो. थोडा वेळ बरं वाटतं, अर्ध्या तासाने बधिर व्हायला लागतं. वरून घालायच्या जाड जेल कव्हरचंही तेच, शिवाय ते सरकतं आणि घासतं. दीडशे वर्षांपूर्वी ब्रुक्सने गादी न ठोकता चामडं ताणलं, ते याच कारणाने टिकलं.

उंचीचं म्हणाल तर, पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. म्हणजे चवड्याने मारताना गुडघा थोडा वाकलेला राहतो. 'वर्षभर चालेल' म्हणून मोठी सायकल घेतली की मुलगी पायडलपर्यंत पोचायला डावी-उजवीकडे घसरते आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला सोललं जातं. नव्याने शिकणारीची सीट आधी पाय टेकतील इतकी खाली ठेवा, तोल आला की बोटभर बोटभर वर घ्या. हँडल सीटपेक्षा थोडं वरच असू द्या.

आणि नाक. सीटवर एक सरळ फळी ठेवून बघा, ती आडवी सपाट हवी. दुकानातून येताना बऱ्याच सायकलींचं नाक वर उचललेलं असतं आणि सगळ्यात जास्त त्रास त्यानेच होतो. एखाद-दोन अंश खाली चालेल. फार खाली केलं तर मुलगी पुढे घसरते आणि मनगटं दुखतात. सीटखालच्या क्लॅम्पचे दोन्ही नट सैल करायचे, सीट हवी तशी फिरवायची आणि पुन्हा आवळायचे, एवढंच काम आहे. सायकलवाल्याला पाच मिनिटं लागतात. बधिरपणा उतरल्यावरही राहत असेल, गाठ लागत असेल किंवा जखम भरत नसेल तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, कव्हर बदलत बसू नका.

दुकानात जाताना मुलीलाही बरोबर न्या. नट आवळायच्या आधी तिला एक चक्कर मारून येऊ द्या, आणि आल्यावर 'कुठे लागतंय का?' हे तुम्हीच विचारा, हळू आवाजात, तिच्या भावासमोर नाही.